पालथ्या गाडग्यांचा वार

फार जुनी गोष्ट आहे ही. इतकी जुनी, की ज्या वाळूत ती घडली तिथे आता तिची एकही खूण उरलेली नसेल.

समुद्र आणि खाडी यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर एक ख्रिस्ती गाव होतं. गावात एक बुटकं, दगडी चर्च होतं. तिथले लोक त्याला देऊळच म्हणत. देवळाच्या मागे विहीर होती. एका हाताला खारा समुद्र, दुसऱ्या हाताला खारी खाडी, आणि मधल्या त्या विहिरीत गोडं पाणी. परगावची माणसं ओंजळभर पिऊन पाहत आणि चकित होत. गावातल्या माणसांना मात्र त्यात काही विशेष वाटत नसे. रोज मिळणाऱ्या गोष्टीचं कुणाला विशेष वाटतं?

विहिरीवर लाकडी रहाट होता. बैल गोल फिरायचा, चाक करकरायचं, दोराला बांधलेली मातीची गाडगी एकामागून एक खाली जायची आणि भरून वर यायची. पाणी हौदात पडायचं. हौदातून ते घराघरांत जायचं आणि पाटाने पानवेलींच्या वाड्यांत जायचं.

पण शनिवारी संध्याकाळी देवळाची घंटा झाली की रहाट थांबायचा. रहाटवाला बैल सोडायचा, दोरावरून गाडगी उतरवायचा आणि विहिरीच्या कठड्यावर ओळीने पालथी घालून ठेवायचा. सोमवारी उजाडेपर्यंत त्यांना कुणी हात लावत नसे. घरोघरी रांजण आधीच भरून ठेवलेले असत. रविवारी देवळातली मिस्सा, म्हणजे सकाळची प्रार्थना, संपली, की माणसं त्या पालथ्या गाडग्यांजवळ येऊन बसत. फारसं कुणी बोलत नसे. एखादा नवा आला की विचारायचा, “काय चाललंय?”

बसलेला म्हणायचा, “काही नाही.”

“मग बरं चाललंय,” असं म्हणून तोही बसायचा.

दर रविवारी हेच बोलणं व्हायचं आणि दर रविवारी लोक हसायचे.

ही रीत कुणी घातली, का घातली, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हातारी माणसं एवढंच सांगत, “आज विहीर देवाजवळ बसलीय. तिला उठवू नये.” लहान मुलांना ते खरं वाटायचं. ती कठड्यावरून आत डोकावायची आणि कुजबुजत बोलायची.

त्या वेळी रहाट बस्त्याव नावाच्या माणसाकडे होता. त्याच्या आधी तो त्याच्या बापाकडे होता. बस्त्यावच्या घरात बायको होती इजाबेल, आणि मुलगी होती नातालीन. नाताळच्या दिवशी जन्मली म्हणून नातालीन. पोर अबोल होती. मोठी माणसं बोलताना ती त्यांच्या तोंडांकडे न पाहता हातांकडे पाहत बसायची.

एका वर्षी गावात ताप आला. इजाबेल आजारी पडली. बस्त्याव आठवडाभर दिवसा रहाट हाकायचा आणि घरी आला की तिच्या उशाशी बसायचा. झोप त्याला मिळालीच नाही. रविवारी मिस्सेनंतर तो थोडा वेळ विहिरीवर टेकला. पालथ्या गाडग्यांच्या शेजारी, कठड्याला पाठ लावून. वारा होता. त्याचा डोळा लागला.

जागा झाला तेव्हा सावल्या लांबल्या होत्या. तो धावत घरी गेला. इजाबेल गेली होती. तिच्या हाताजवळ तांब्या आडवा पडला होता, आतून कोरडा ठणठणीत. नातालीन भिंतीला टेकून उभी होती.

शेजारची बाई डोळे पुसत म्हणाली, “मी अंगणातून ऐकलं रे. पाणी, पाणी म्हणत होती बिचारी.”

बाई वाईट मनाची नव्हती. जे ऐकलं ते बोलली आणि आपल्या चुलीकडे निघून गेली. पण ते शब्द बस्त्यावच्या आत काट्यासारखे मोडून राहिले. तो त्या रिकाम्या तांब्याकडे पाहत राहिला. गावाला पाणी पाजणारा माणूस मी, आणि माझ्या घरात ती पाण्यावाचून गेली. मी कुठे होतो? मी बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी इजाबेलला पुरून आल्यावर संध्याकाळी नातालीन त्याच्याजवळ आली. “बाबा, आईने तुला एक सांगायला सांगितलंय.”

बस्त्याव दचकला. “काय?”

“आत्ता नाही. आई म्हणाली, रविवारी बाबा विहिरीवर निवांत बसला ना, की मग सांग.”

बस्त्यावने मान वळवली. काय सांगितलं असेल, ते त्याला ठाऊकच होतं, असं त्याला वाटलं. तहान सांगितली असेल. दुसरं काय सांगणार? “बरं,” तो म्हणाला आणि उठून बैलाला वैरण घालायला गेला. वैरण घालून झाली होती, तरी गेला.

पुढच्या शनिवारी घंटा झाली. बैल आपणहून थांबला. त्याचं नाव पोवळ्या. बारा महिने फिरून त्याला त्या घंटेचा अर्थ माणसांपेक्षा बरा कळायचा. पण बस्त्यावने त्याला सोडलं नाही. त्याने पोवळ्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, “चल.”

रविवारी सकाळी मिस्सेला आलेल्या लोकांनी रहाटाची करकर ऐकली आणि एकमेकांकडे पाहिलं. पाद्रीबाबा विहिरीवर गेले. ते भले गृहस्थ होते, पण कुणाचं मन मोडायचं म्हटलं की त्यांचे शब्द अडखळायचे.

“बस्त्याव, आज वार कुठला?”

“तापाचा वार आहे, पाद्रीबाबा,” बस्त्याव न थांबता म्हणाला. “अजून कितीतरी घरांत माणसं तळमळताहेत. रांजणातलं पाणी कोमट होतं. त्यांनी काय सोमवारपर्यंत तहान धरून ठेवायची?”

पाद्रीबाबांनी मान डोलावली. आजारी माणसाला पाणी देणं हे पुण्याचं काम, ते कुठल्याही वारी करावं. “दे बाबा, दे,” ते म्हणाले. “तेही देवाचंच काम.”

त्या रविवारी बस्त्यावने प्रत्येक आजाऱ्याच्या घरी ताजं, गार पाणी पोचवलं. लोकांनी त्याला भरल्या डोळ्यांनी आशीर्वाद दिले. इथपर्यंत, वाचकांनो, कुणाचीच चूक नव्हती.

मग ताप ओसरला. रहाट मात्र थांबला नाही.

आता रविवारी बस्त्याव देवळाची फरशी धुवायचा. देवळाभोवती त्याने मोगरा आणि झेंडू लावला होता, त्याला पाणी घालायचा. म्हाताऱ्याकोताऱ्यांचे रांजण भरून द्यायचा. स्वतःसाठी तो काहीच करत नव्हता, म्हणून त्याला कुणी अडवतही नव्हतं. गावातली माणसं म्हणायची, “असा भक्त पाहिला नाही. बायको गेल्यापासून देवाला वाहून घेतलंय.” एकदा तर पाद्रीबाबांनी प्रवचनात त्याचं नाव घेतलं. बाहेर रहाट करकरत होता, त्यामुळे ज्याचं नाव घेतलं त्याला ते ऐकू गेलं नाही.

नातालीन रविवारी दुपारी विहिरीवर यायची. जिथे पूर्वी गाडगी पालथी असायची तिथे कठड्याशी बसायची आणि वाट पाहायची.

“बाबा, बस ना.”

“बसून काय करू? हात चालू असले तरी कान मोकळे आहेत. काय सांगायचं ते सांग.”

“असं नाही. तू बसल्यावर.”

“मग राहू दे. पुढच्या रविवारी बसू.”

ती आईचा शब्द अक्षरशः पाळत होती. लहान मुलं तसा पाळतात. आणि खरं विचाराल तर, ती पाळते आहे याचं बस्त्यावला आतून बरं वाटायचं. तिने बसण्याची अट घातली होती, आणि बसायचं की नाही हे त्याच्या हातात होतं. जोवर तो बसत नव्हता तोवर त्याला ते ऐकावं लागणार नव्हतं. मुलगी जवळ आली की तो पोवळ्याला जरा जोरात हाकायचा. चाक जास्त करकरायचं.

हळूहळू गावालाही रविवारच्या पाण्याची सवय लागली. पाणी वाहतंच आहे तर कपडे धुऊन घेऊ, असं कुणीतरी म्हणालं. वेलींना एक पाणी जास्तीचं देऊ, असं दुसऱ्या कुणी म्हटलं. जास्तीच्या पाण्याने पानं मोठी झाली. मग लोकांनी वाड्या वाढवल्या. वाढलेल्या वाड्यांना आणखी पाणी लागू लागलं. विहिरीवर बसायला कुणी येईनासं झालं. “काय चाललंय?” असं कुणी विचारलं, तर माणसं आता कामांची यादीच ऐकवायची.

एक लुईजाबाय तेवढी जुन्या वळणावर राहिली. ती गावातली सगळ्यांत म्हातारी बाई होती, कमरेत वाकलेली, जिभेने तिखट. शनिवारी घंटा झाली की ती आपल्या ओट्यावर आपली एकुलती घागर पालथी घालायची आणि तिच्या शेजारी बसायची.

एका रविवारी बस्त्याव तिचा रांजण भरायला आला. ती दारातच बसली होती. तिने काठी आडवी धरली.

“माझा रांजण भरलेला आहे. काल भरला मी.”

“ताजं आणलंय, लुईजाबाय.”

“मला शिळं गोड लागतं. तू जा. आणि त्या विहिरीला जरा पाठ टेकू दे रे.”

बस्त्याव खूप दिवसांनी हसला. “विहिरीला पाठ असते होय?”

“नसेल. पण तुला तर आहे ना? ती कधी टेकवलीस?” म्हातारीने त्याच्याकडे निरखून पाहिलं. “पोरा, तू देवाचं काम करतोस असं गाव म्हणतं. पण देव त्याच्या वारी तुला भेटायला येतो, तर तू घरी सापडत नाहीस. तू देवाचं काम करतोयस, की देवाला चुकवतोयस?”

बस्त्यावचं हसू मावळलं. त्याने खांद्यावरची कावड सावरली आणि तो आला तसाच गेला. हौदाजवळ त्याने ते पाणी झेंडूच्या मुळाशी ओतून टाकलं. वाया जायला नको म्हणून.

उन्हाळ्यात पोवळ्या खंगला. जोताखाली त्याच्या मानेवर जखम झाली होती. आठवड्यातून एका दिवसाच्या विसाव्याने ती सुकली असती, पण आता तिला तो दिवस मिळत नव्हता. नातालीन त्या जखमेला हळद लावायची. सकाळी लावायची, दुपारपर्यंत जोताला पुसून जायची. एका रविवारी फिरता फिरता पोवळ्या खाली बसला. बस्त्यावला वाटलं उठेल. तो उठला नाही.

नातालीन त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. ती रडली नाही. ती एवढंच म्हणाली, “बसायचं म्हटलं की त्याला मरावं लागलं.”

बस्त्यावला ते ऐकू आलं. पण हौद अर्धाच भरला होता. त्याने रहाटाचा दांडा स्वतःच्या छातीला लावला आणि बैलाच्या वाटेने तो स्वतः फिरू लागला. संध्याकाळी लोकांनी ते पाहिलं. काही बायकांनी कपाळावर क्रूस काढला. “केवढी ही भक्ती!” त्या म्हणाल्या. नवा बैल येईपर्यंत तो असाच फिरत होता. छातीवर दांड्याचा वळ उठला, आणि त्या दुखण्याने त्याला जरा बरं वाटलं.

त्यानंतरच्या दिवसांतली गोष्ट. बाप-लेक पेज जेवायला बसले होते. बस्त्यावने पहिला घोट घेतला आणि म्हणाला, “मीठ जास्त झालं गो.”

नातालीन म्हणाली, “मी मीठ घातलंच नाही, बाबा. विसरले होते.”

दोघं वाडग्याकडे पाहत राहिली. मग बस्त्यावने ती पेज पिऊन टाकली आणि उठला. त्याला काम होतं.

आता मी तुम्हांला ती गोष्ट सांगते जी त्या गावाला ठाऊक नव्हती. समुद्रकाठच्या वाळूत जे गोडं पाणी असतं, ते खाली दडलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, दुधावर साय असते तसं. पावसाने ती साय धरते. माणसं ती रोज थोडी काढून घेतात आणि ती रोज थोडी विरळ होते. मग एक दिवस तिला कुणी हात लावला नाही, की आजूबाजूच्या वाळूतून झिरपून ती पुन्हा सांधते. पण जो हात थांबतच नाही, तो एक दिवस साय ओलांडून खाली जातो. गावाच्या पूर्वजांनी हे कारण सांगून ठेवलं नव्हतं. कदाचित त्यांनाही ते ठाऊक नसेल. त्यांनी फक्त गाडगी पालथी घातली होती आणि उरलेलं देवावर सोपवलं होतं.

झेंडूच्या पानांच्या कडा करपू लागल्या. बस्त्यावला वाटलं, पाणी कमी पडतंय. त्याने आणखी पाणी घातलं. मोगरा वाळला. त्याने आणखी पाणी घातलं. वाड्यांतल्या पानवेली पिवळ्या पडल्या तेव्हा सगळे मिळून त्याच्याकडे आले आणि म्हणाले, “बस्त्याव, बैलाला जरा जोरात हाक. वेली तहानल्यात.”

शेवटी नव्या बैलाने हौदाला तोंड लावलं आणि मान मागे घेतली. खारटपणा इतका हळूहळू चढत आला होता, की तो कुणाच्या जिभेला कळलाच नव्हता; तेव्हा कुठे गावाने ते पाणी नीट चाखून पाहिलं.

देवळासमोर सगळे जमले. कुणी म्हणालं, विहिरीत काहीतरी पडलंय. कुणी म्हणालं, वरवर घाण साचली असेल, एकदा तळापर्यंत उपसून टाकू, म्हणजे खालून ताजं गोडं पाणी येईल. हे सगळ्यांना पटलं. लुईजाबाय काठी टेकत मधोमध आली.

“थांबवा तो रहाट. निदान पाऊस येईपर्यंत थांबवा. गाडगी पालथी घाला.”

“आणि तोवर प्यायचं काय, आजी?” एका तरुणाने विचारलं. “तुझी पालथी घागर चाटायची?”

लोक हसले. पाद्रीबाबांनी बस्त्यावकडे पाहिलं. सगळ्यांनीच बस्त्यावकडे पाहिलं. रहाट त्याचा होता, आणि विहिरीच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा होता.

नातालीन त्याच्या शेजारी उभी होती. तिने त्याचं बोट धरलं. “बाबा, आता तरी बसू या. आज रविवार आहे.”

बस्त्यावने तिच्याकडे पाहिलं, आणि क्षणभर तो खरंच बसायला वाकला. एवढा थकला होता तो. पण बसलं की ती सांगणार. रिकाम्या तांब्याची गोष्ट सांगणार. त्याने बोट सोडवून घेतलं.

“उपसा,” तो म्हणाला.

गावातल्या सगळ्या बैलांनी आळीपाळीने रहाट ओढला. बैल थकले तेव्हा माणसांनी ओढला. पाणी खाली खाली गेलं, आणि मग खालून खरोखरच नवं पाणी आलं. स्वच्छ, थंड, काचेसारखं. एका तरुणाने पहिलं गाडगं आनंदाने तोंडाला लावलं आणि थुंकून दिलं. तो समुद्र होता.

त्यानंतर गाव फुटलं. ज्यांना दुसरीकडे नातेवाईक होते ते तिकडे गेले. पानवेलींचे मांडव मोडून लोकांनी त्यांचे बांबू गाड्यांत भरून नेले. लुईजाबायला तिचा भाचा न्यायला आला, पण ती गेली नाही. तिच्या रांजणात विहीर खारावण्याआधीच्या शनिवारी भरलेलं गोडं पाणी उरलं होतं. ते तिने वाटीवाटीने शेजारच्या तान्ह्या मुलांना पाजलं, आणि पावसाच्या आधीच ती वारली. तिच्या ओट्यावरची पालथी घागर कुणी उचलली नाही.

जे मोजके लोक राहिले ते दूरच्या डोंगराखालून डोक्यावर पाणी आणू लागले. पाद्रीबाबाही आणायचे. ते आता प्रवचन फार थोडं देत.

रहाट उभा होता. करकर नव्हती. गावात इतकी शांतता कित्येक दिवसांत नव्हती, आणि ती कुणालाच सोसवत नव्हती.

मग एक रविवार आला. बस्त्याव विहिरीवर गेला, कारण त्याला दुसरीकडे कुठे जायचं ते माहीत नव्हतं. त्याने दोरावरची गाडगी एकेक करून सोडली. काही तडकली होती, सगळ्यांवर मिठाचा पांढरा थर चढला होता. ती त्याने कठड्यावर ओळीने पालथी घातली. मग करण्यासारखं काहीच उरलं नाही. तो खाली बसला आणि त्याने कठड्याला पाठ टेकली.

पाठ टेकल्याबरोबर त्याला कळलं, की आपलं सगळं अंग दुखतंय. आजचं नव्हे, इजाबेल गेल्या दिवसापासूनचं.

थोड्या वेळाने नातालीन आली. ती आता पूर्वीपेक्षा उंच झाली होती. कधी झाली, ते त्याने पाहिलं नव्हतं. ती त्याच्यासमोर उभी राहिली. तिने विचारलं, “काय चाललंय, बाबा?”

बस्त्यावने पालथ्या गाडग्यांकडे पाहिलं. “काही नाही,” तो म्हणाला.

“मग बरं चाललंय,” ती म्हणाली आणि त्याच्या शेजारी बसली. या वेळी कुणी हसलं नाही.

शेवटी बस्त्यावनेच विचारलं, “सांग. फार तहानली होती का ती?”

नातालीनने नवलाने त्याच्याकडे पाहिलं. “तहानली? नाही, बाबा. मी पाणी दिलं ना तिला. तांब्याभर प्यायली. एका घोटात नाही, हळूहळू, पण सगळं प्यायली. म्हणाली, रांजणातलंच गोड लागतं.”

बस्त्याव कठड्यापासून पुढे सरकला.

“मी म्हटलं, बाबाला बोलावून आणते. मी आले होते इथपर्यंत. तू झोपला होतास. मी परत गेले आणि आईला सांगितलं. आई हसली. म्हणाली, उठवू नकोस गो. किती दिवसांनी पाठ टेकलीय त्याने. देवानेच निजवलंय त्याला. आणि म्हणाली…” नातालीन थांबली. हे शब्द तिने इतके दिवस जपून ठेवले होते, की आता ते बाहेर काढताना तिला भीती वाटली. “म्हणाली, मी नसले तरी दर रविवारी त्याच्या शेजारी बस, माझ्या जागेवर. तो बसेल तिथे मी आहेच असं त्याला सांग.”

विहिरीवर वारा होता, त्या दिवशी होता तसाच. बस्त्यावने दोन्ही हात उघडले आणि त्यांच्याकडे पाहिलं. ते हात रिकामे होते. इतक्या रविवारांत त्याने ते एकदाही रिकामे होऊ दिले नव्हते. या कठड्याशी, अगदी या जागेवर, दर रविवारी त्याची बायको त्याची वाट पाहत होती, देवही वाट पाहत होता, आणि तो त्यांच्याभोवती गोल गोल फिरत राहिला होता. त्या फिरण्यात बैल गेला, वेली गेल्या, गाव गेलं आणि गोडं पाणी गेलं.

तो रडला. नातालीन त्याच्या हातांकडे पाहत बसून राहिली.

त्या दिवसापासून उरलेल्या गावाने पुन्हा रविवार धरला. रविवारी कुणी डोंगराकडे पाण्याला जात नसे. शनिवारी आणलेलंच पुरवून प्यायचे. मिस्सेनंतर ती चारदोन माणसं खाऱ्या विहिरीवर येऊन बसायची. विहिरीला आता सगळेच वार रविवार होते. पाऊस आले आणि गेले. दर पावसाळ्यानंतर बस्त्याव एक गाडगं आत सोडायचा, पाणी चाखायचा आणि काही न बोलता ते गाडगं पुन्हा पालथं घालायचा. त्याच्या हयातीत विहीर गोडी झाली नाही.

नातालीन फार म्हातारी झाली तेव्हा, म्हणतात, एका सोमवारी सकाळी तिने ते पाणी चाखलं आणि ती म्हणाली, “खारट नाही लागत.” पण विहीर खरंच निवळली होती, की आयुष्यभर खारं चाखून म्हातारीच्या जिभेची चव गेली होती, हे कुणाला सांगता आलं नाही. तिच्यानंतर ते पाहायला गावात कुणी उरलं नव्हतं.

देव आपल्या हातांकडून काम करून घेतो, पण द्यायचं असतं तेव्हा तो थांबलेल्या, रिकाम्या हातांतच देतो.